कढईचा काठ

शेळगावात पाडव्याच्या गाठी म्हटलं की चंद्राबाईंचंच नाव निघायचं. गुढीच्या गळ्यात घालायच्या साखरेच्या माळा बाजारात ढिगाने मिळतात, पण त्या पिवळट आणि ठिसूळ, दोऱ्याला जरा ताण बसला की निम्मी साखर खाली. चंद्राबाईंची गाठ दुधासारखी पांढरी असायची आणि नखाने टिचकी मारली तर वाजायची. शिवरात्र झाली की घरामागच्या पत्र्याच्या शेडात त्यांची भट्टी पेटायची, ती पाडव्याच्या तोंडावर विझायची. एरवी घर भाजीपाल्याचं. मोहनराव वांगी-टोमॅटो पिकवायचे आणि थोरला युवराज ते टेम्पोतून बारामतीला न्यायचा. पण या दिवसांत घरात राज्य कढईचं. मोहनरावांना शेडाजवळ खोकला आला तरी ते बिचारे चार पावलं लांब जाऊन खोकायचे.

कढईचे नियमच तसे होते. साखरेच्या पाकात दुधाचा हबका मारायचा, वर आलेली मळी काढायची, पाक तारेवर आला की कढई उतरवून विटांवर ठेवायची. मग तिला धक्का लावायचा नाही, ढवळायचं तर नाहीच. लागेल तेवढा पाक लहान पातेल्यात काढायचा, तो घोटून घोटून दुधाळ करायचा आणि दोरे ताणून ठेवलेल्या लाकडी साच्यांत पटकन ओतायचा. पातेल्यातला पाक पांढरा व्हायला हवा आणि कढईतला काचेसारखा निवळ राहायला हवा, सगळी कसरत ती एवढीच. पाक उकळताना कढईच्या काठाला थेंब उडतात, वाळून त्यांची साखर होते. तो काठ ओल्या फडक्याने सारखा पुसावा लागतो. हे काम चंद्राबाईंनी आजवर कुणाच्या हाती दिलेलं नव्हतं. साचे भरायला येणाऱ्या शेजारच्या लीलाबाईंनी एकदा हौसेने फडकं उचललं, तर चंद्राबाईंनी ते त्यांच्या हातातून काढूनच घेतलं. "माझ्या कढईचा काठ आरशागत अस्तोय," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

आणखी एक नियम होता. महिन्याची अडचण असलेल्या बाईने शेडाचा उंबरा ओलांडायचा नाही. घरात चंद्राबाई या बाबतीत सैल होत्या. स्वयंपाकाला, गॅसला, मिक्सरला कशालाच त्यांची आडकाठी नसायची. पण गाठ देवाच्या गुढीला चढते, तिथे त्या ऐकायच्या नाहीत. त्यांची मुलगी निकिता आठवीत होती. त्या दिवसांत तिलाही शेडातल्या कामाला सुट्टी मिळायची आणि खरं सांगायचं तर तिला ती आवडायची. नियम बरा की वाईट, याचा विचार करायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती.

ती वेळ आणली सुकन्या मॅडमनी, अर्थात त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

सुकन्या मॅडम विज्ञान शिकवायच्या. त्या दिवशी त्यांनी वर्गात एका चंचुपात्रात कसलेसे पांढरे खडे गरम पाण्यात विरघळवले, आणखी घातले, आणखी घातले, आणि ते पाणी झाकून गार होऊ दिलं. पाणी गार झालं तरी निवळच. "गरम पाण्यात जास्त पदार्थ मावतो," मॅडम म्हणाल्या. "गार झाल्यावर खरं तर तेवढा मावायला नको. तरी तो बाहेर पडलेला नाही. याला म्हणायचं अतिसंपृक्त द्रावण. लग्नाची पंगत आठवा. पानं मांडलेली असतात, माणसं भुकेली असतात, पण पहिलं कुणी बसायचं म्हणून सगळे उभे. एक जण बसला की?"

"समदेच बसत्यात," अख्खा वर्ग ओरडला.

मॅडमनी चिमटीतला एकच खडा पाण्यात सोडला. खड्यापासून पांढऱ्या सुया फुटल्या, चहूबाजूंनी पसरल्या आणि बघता बघता पात्रातलं पाणी दगड झालं. मॅडमनी पात्र उलटं केलं तरी थेंब पडला नाही. निकिताला वाटलं, आपण रोज घरी बघतो ते हेच की.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कढई विटांवर उतरवलेली, पाक निवळ. चंद्राबाई आणि लीलाबाई साचे भिजवायला मागच्या हौदावर गेल्या होत्या. शेडात निकिता एकटी. तिला कढईपाशी बसवलं होतं ते राखण करायला, मांजर येऊ नये म्हणून. निकिताने साखरेच्या पोत्याकडे बघितलं, कढईकडे बघितलं. एवढ्या मोठ्या कढईला चिमूटभर साखरेने काय होणार आहे? झालंच तर कडेला थोडं होईल, ते आपण काढून टाकू. असं स्वतःला सांगत तिने चिमूट सोडली. काहीच झालं नाही. तिने उलथनं घेऊन दोन वेढे दिले. तरी काही नाही. ती थोडी हिरमुसलीच.

"निकी, आई कुठायत?" दारातून आवाज आला. वृषालीवहिनी होती, युवराजची बायको. मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन बारामतीहून आलेली. हातात चंद्राबाईंचा मोबाइल. "व्यापाऱ्याचा फोन हाय."

निकिताने उलथनं पटकन खाली ठेवलं. "हौदावर," ती म्हणाली, तोवर चंद्राबाई मागच्या दाराने आत आल्याच. वहिनीला अडचण होती. ती उंबऱ्याबाहेर थांबली होती, पण चंद्राबाईंचे हात ओले, फोन ओरडत असलेला. तिने एक पाय आत टाकून फोन त्यांच्या कानाशी धरला. बोलणं झालं. चंद्राबाई वळल्या आणि किंचाळल्या.

कढईत मधोमध पांढरा ढग उठला होता. तो पसरत काठाकडे निघाला होता. लीलाबाई धावत आल्या, कुणी पाणी मार म्हणालं, कुणी विस्तव ओढ म्हणालं, पण तोवर अख्ख्या कढईची एकच वडी बसली होती.

चंद्राबाई आधी काठाकडे बघत राहिल्या. काठ आरशासारखा स्वच्छ होता. मग त्यांची नजर उंबऱ्याच्या आत असलेल्या वहिनीच्या पायावर गेली.

"तुला अडचण हाय न्हवं?"

वहिनीने पाय मागे घेतला.

"अगं देवाचं काम हाय हे! एवढं सांगून बी आत पाय घातलास? बघ, बघ काय झालं ते डोळं फाडून!"

"आई, फोनसाठी..."

"जळला तो फोन!"

निकिता पोत्याला टेकून उभी होती. आता आई आपल्याकडे वळणार, उलथन्याला लागलेला पाक बघणार. पण आई वळली नाही. आईला गुन्हेगार सापडला होता. त्या क्षणी निकिताला काय वाटलं ते तिने पुढे कितीदा तरी आठवून बघितलं, बदलून बघितलं, पण ते बदललं नाही. तिला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं.

वहिनीने एकदा निकिताकडे बघितलं आणि ती खाली मान घालून घरात गेली.

ती साखर परत वितळवली तर पाक पिवळा पडतो. आणि तशीही ती आता गुढीला चालणार नव्हती. फोडून फोडून ती गुरांच्या आंबोणात गेली.

एवढ्यावर निभावलं असतं तर निकिताने मनाला समजावलं असतं. पण लीलाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, की युवराजच्या बायकोचा पाय लागला आणि चंद्राबाईंची कढई बसली. मग एकीला आठवलं, तिने हात लावलेलं लोणचंही नासलं होतं. दुसरीला आठवलं, ती आल्यापासून म्हैसही कमी दूध देते. एक जण बसला आणि सगळी पंगत बसली. दोन दिवस वहिनीने ऐकून घेतलं, मग तिने बॅग भरली. "माझ्या पायानं समद्यांचंच वाटोळं व्हतंय, तर ऱ्हाते मी माहेरी," एवढंच ती म्हणाली. युवराजने तिला टेम्पोतून बारामतीला सोडलं आणि आल्यापासून तो आईशी बोलेना. जेवायला बसायचा तो भिंतीकडे तोंड करून.

निकिताला घास गिळेना. वहिनी रोज दुपारी तिची गणितं तपासायची. चुकलं तर वहीवर बारीक कावळा काढायची, बरोबर आलं तर मोर. आता वही नुसती कोरी. वहिनीचा फोन आला तर तोही याचसाठी: "निकी, बीजगणिताचा सराव करतीयास ना? परीक्षा जवळ आली." निकिताने "हां" म्हटलं आणि फोन ठेवून ती मोरीत जाऊन रडली. वहिनीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तिने शाळेत हात वर केला. "मॅडम, अडचण असलेल्या बाईचा पाय लागला तर पाक बसतो का?"

मुलं फिसफिसली. मॅडम नाही हसल्या. "पाकाला काय कळतंय निकिता, दारात कोण आलं ते? त्याला बसायला काहीतरी लागतं. साखरेचा कण, धुळीचा कण, ढवळणं. ते झालं म्हणजे तो बसतो. दारातल्या बाईचा काय संबंध?"

निकिताला हुरूप आला. वहिनीही सुटेल आणि आपणही सुटू, अशी एक वाट दिसायला लागली. घरी येऊन ती आईला म्हणाली, "आई, मॅडम म्हणत्यात, साखरेचा बारीक कण पडला तरी पाक बसतो. वहिनीमुळं न्हाय. काठावरचा एखादा कण पडला असंल."

चंद्राबाईंचा चेहराच बदलला. "माझ्या काठावरचा?"

"म्हंजे... धूळ असंल."

"एवढी वर्सं कढई लावते मी. माझ्या कढईत धूळ? तुझ्या मॅडमला म्हणावं, या, अन् माझा काठ चाटून बघा!"

अर्धं खरं सांगून वहिनी सुटत नव्हती, उलट आईच आरोपी व्हायची, आणि आई असला आरोप कधी पत्करणार नव्हती. पूर्ण खरं सांगितलं तरच काम होणार होतं. ते सांगायला मात्र तिची जीभ उचलत नव्हती. होळी आली. आळीतल्या पोरांनी गळ्यात गाठी घालून बोंबा मारल्या. निकिताच्या गळ्यातही आईने गाठ घातली. तिने ती काढून फडताळात ठेवली, तर पहाटे तिला मुंग्या लागलेल्या होत्या.

पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा युवराज भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "मी बारामतीला खोली बघितली हाय. पाडवा झाला की आमी दोघं तिकडंच ऱ्हातो."

मोहनरावांचा हात ताटातच थांबला. चंद्राबाई उठून शेडात गेल्या आणि विटांवर उतरवलेल्या कढईचा आधीच स्वच्छ असलेला काठ पुसत बसल्या. निकिता त्यांच्या मागोमाग गेली. लीलाबाई साच्यांत दोरे ताणत होत्या. त्या गेल्यावर बोलावं असं निकिताच्या मनात आलं, आणि मग लाज वाटली. वहिनीला बोलणी बसली ती लीलाबाईंच्या समोरच की.

"आई, त्या दिवशी पाक मी बसवला."

"आं?"

"मी साखर टाकली कढईत. वरनं ढवळलं बी. तुमी हौदावर व्हता तवा."

चंद्राबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "वहिनीची लई माया आलीया तुला. तिला परत आणाय खोटं बोलतीस."

आता काय करावं? गप्प राहून वाचली होती, आता खरं बोलली तर कुणी विश्वास ठेवेना. निकिताने लहान पातेल्यात कढईतला पाक घेतला, विटेवर ठेवला. जरा वेळ तिघीही बघत राहिल्या. पाक निवळ होता, पातेल्याचा तळ दिसत होता. मग निकिताने पोत्यातली चिमूट सोडली आणि उलथन्याने दोन वेढे दिले. काही झालं नाही. लीलाबाई हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या. मधोमध पांढरा ढग उठला होता.

"अगं बया," लीलाबाई म्हणाल्या.

पातेल्यातला पाक बसेपर्यंत चंद्राबाई वाकून बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "का टाकलीस?"

"काय व्हतंय बघाय."

"अन् झाल्यावर बोलली का न्हाईस?"

या प्रश्नाला निकिताने किती उत्तरं तयार करून ठेवली होती. घाबरले, सुचलं नाही, तू ऐकलं नसतंस. तोंडातून आलं ते वेगळंच. "तू वहिनीला बोलाय लागलीस, अन् मला बरं वाटलं."

आई मारेल म्हणून तिने डोळे मिटले. मार बसला नाही. डोळे उघडले तर आई साखरेच्या पोत्यावर मटकन बसली होती.

"खड्यानं पाक बसतो हे मला काय ठावं न्हाय व्हय गं," चंद्राबाई म्हणाल्या, कुणाकडेच न बघता. "त्याच्यापायीच तर पुसत अस्ते. पण माझ्या काठावर खडा ऱ्हायला असंल, ह्ये माझ्या मनाला पटंना. त्याच्यापरीस दुसऱ्याच्या पोरीचा पाय सोपा वाटला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "चपला घाल. लीलाबाय, तू बी चल. बोलाय म्होरं व्हतीस, आता ऐकाय बी चल."

युवराजने टेम्पो काढला. बारामतीला वहिनीच्या आईच्या, बनाबाईंच्या घरी चहा ठेवायच्या आतच चंद्राबाई बोलल्या. "विहीणबाई, तुमच्या लेकीचा काय बी दोष नव्हता. कढई माझ्या पोरीनं बसवली, अन् तिच्यावर आळ मी घेतला." लीलाबाई जमिनीकडे बघत होत्या. निकिता वहिनीसमोर उभी राहिली. "वहिनी, मी टाकली व्हती साखर," ती म्हणाली. वहिनीने नुसतं "बरं," म्हटलं. ना रागाने, ना मायेने. कुणी आज बाजारात गर्दी आहे असं सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसं. निकिताला ते फार लागलं.

"चल घरी," चंद्राबाई म्हणाल्या. "पाडव्याच्या गाठी व्हायच्यात अजून."

वहिनी घुटमळली. "आई, मला कालधरनं अडचण हाय."

युवराजने आईकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी.

"असू दे," चंद्राबाई म्हणाल्या.

शेवटची कढई दुसऱ्या दिवशी दुपारी लागली. पाक तारेवर आला, कढई विटांवर उतरली. वहिनी शेडाच्या दाराशी सवयीने थांबली, तेव्हा चंद्राबाईंनी तिचा हात धरून तिला आत घेतलं. ओलं फडकं पिळलं आणि तिच्या हातात दिलं.

"काठ पूस. एक कण ऱ्हायला न्हाय पायजे."

लीलाबाईंच्या हातातला साचा पडता पडता राहिला. निकिता आईला मदत करायला म्हणून पुढे झाली, तर आईने तळहात दाखवला.

"तू न्हाय. तू भाईर. उंबऱ्याच्या भाईर हुबी ऱ्हा, आज आत पाय टाकायचा न्हाय."

निकिता बाहेर झाली. उन्हात, उंबऱ्याला लागून उभी राहिली. ती या जागी अशी कधी उभी राहिली नव्हती. अडचण असताना ती घरात टीव्ही बघायची. पत्र्यामध्ये बसवलेल्या पांढऱ्या शीटमधून ऊन थेट कढईवर पडत होतं आणि दारातून सगळं लख्ख दिसत होतं. पाकाचा तळ दिसत होता. शेजारचं साखरेचं पोतं, उलथनं, वहिनीचा काठावरून फिरणारा हात, हाताची बोटं. मनगटावरच्या बांगडीची नक्षीसुद्धा दिसत होती.

त्या दिवशी वहिनी इथेच उभी होती.

वहिनीने काठाचा वेढा पुरा केला, फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. पाक निवळ होता. तिने सहज वर बघितलं, तर दारात निकिता.

"वहिनी," निकिताने विचारलं, "हितनं तुला दिसलं व्हतं?"

"दिसलं व्हतं."

"मग तवाच बोलली का न्हाईस?"

वहिनी पुन्हा काठाकडे वळली.

"तू बोलशील म्हणून थांबले व्हते," ती म्हणाली.